झाड जगवणाऱ्याचा वाटा

(मिशनच्या वार्षिक मेळाव्यात, भंडारा जिल्ह्यातील रोपवाटिकेचे काम पाहणाऱ्या आमच्या कार्यकर्तीने केलेले भाषण. वाचकांच्या सोयीसाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)



आमच्या रोपवाटिकेबद्दल तुम्ही या त्रैमासिकात वाचले आहे. तुमच्यातल्या काहींनी तिच्यासाठी दान दिले, काहींनी प्रार्थना केली. साकोली तालुक्यातल्या एका गावात चौदा बायांचा गट ती चालवतो. बहुतेक जणी गोंड आहेत, तिघी हलबा आहेत. जंगलातून बी गोळा करायचे, माती, रेती आणि शेणखत मिसळून पिशव्या भरायच्या, झारीने पाणी घालायचे. मुळे पिशवीतून जमिनीत घुसू नयेत म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी प्रत्येक पिशवी उचलून हलवायची. कडुनिंबाचे बी तर पडल्यावर थोड्याच आठवड्यांत रुजण्याची ताकद घालवते. म्हणून ऐन पावसाच्या तोंडावर, शेतात सर्वांत जास्त काम असते तेव्हाच, ते वेचून लावावे लागते. हे कष्ट तुम्हाला ठाऊक असावेत, कारण आज मी पैशाबद्दल बोलणार आहे.

आधी एक कबुली देते. दोन पावसाळ्यांपूर्वी आम्ही जिल्ह्यातल्या एका शहराच्या रस्त्यांसाठी चारशे रोपे दिली. करंज, कडुनिंब, जांभूळ, थोडी अर्जुनाची. ट्रॅक्टर भरून रोपे गेली, आमचे पैसे वेळेवर मिळाले. लागवडीच्या दिवशी मंडप होता, मोठी माणसे होती, फोटो निघाले. मीही त्या फोटोत आहे. पुढच्या मे महिन्यात काही कामासाठी मी त्याच रस्त्याने गेले. उन्हाचा पारा पंचेचाळीसच्या घरात होता. मी स्कूटी थांबवून मोजायला सुरुवात केली. चारशेपैकी एकसष्ट झाडे हिरवी होती. बाकीच्या खड्ड्यांत काटक्या उभ्या होत्या. काही ठिकाणी काटकीही नव्हती, नुसता लोखंडी कठडा उरला होता आणि त्याला बकरी बांधलेली होती.

यात मी कोणाला दोष द्यायला उभी नाही. रोपे विकून मागे वळून न पाहणाऱ्यांत मीही होते. पण गटातल्या बायांना हे सांगितले तेव्हा कोणीच बोलले नाही. एकीने फक्त विचारले, "पानी कोन देत होता?" मला उत्तर देता आले नाही, कारण पाणी कोण देणार हे कोणत्याही कागदावर लिहिलेलेच नव्हते.

या गोष्टीनंतर काही महिन्यांनी एक गृहस्थ आमच्याकडे आले. ते कार्बन क्रेडिटचा व्यवहार जुळवून देणाऱ्या एका कंपनीचे होते. माणूस सभ्य होता, आमच्यासोबत चटणी-भाकर खाऊन गेला. त्यांचा प्रस्ताव असा होता: शहरात एक हजार झाडे लावायची, रोपे आमची, जागा शहराची. त्या झाडांनी हवेतला जो कार्बन शोषला त्याचे क्रेडिट कंपनी विकेल आणि त्यातून लागवडीचा खर्च निघेल. करार तीस वर्षांचा होता. बावीस पानांचा आणि पूर्ण इंग्रजीत. चिंचेखाली बसून मी तो बायांना मराठीत सांगत होते. झाडे मेली तर पुन्हा लावून देण्याची जबाबदारी आमची आहे, हे कलम आले. क्रेडिटचा मालकी हक्क कंपनीचा आहे, हेही आले. तेव्हा गटातल्या सर्वांत वडीलधाऱ्या आजी म्हणाल्या, "बाई, झाड जगलं तं पैसा त्यायचा, अन् मेलं तं चूक आमची?"

त्या एका वाक्यात सारा करार आला होता. आम्ही सही केली नाही, पण त्यांना परतही पाठवले नाही. अभ्यास करून उत्तर देतो असे सांगितले. त्या अभ्यासात काय कळले ते आज तुमच्यापुढे ठेवते, कारण अशी माणसे आता गावोगावी, शाळांत, संस्थांत आणि चर्चच्या आवारांतही येणार आहेत.

कार्बन क्रेडिट म्हणजे काय? एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. तेवढा वायू हवेत जाण्यापासून रोखला, किंवा हवेतून काढून घेतला, तर एक क्रेडिट मिळते. ज्या कारखान्याला किंवा कंपनीला आपल्या धुराचा हिशेब जुळवायचा असतो ती ते विकत घेते. १९९७ च्या क्योटो करारातून हा बाजार उभा राहिला. आपल्या महाराष्ट्रात धुळे आणि सातारा जिल्ह्यांतल्या पवनचक्क्यांनी त्या काळात असे क्रेडिट मिळवले. शेजारच्या इंदूर शहराने ओल्या कचऱ्यापासून खत आणि गॅस करून क्रेडिट विकले. म्हणजे ही थाप नाही, खरा व्यवहार आहे. पण त्यात झाडाचे काय होते ते बघू.

झाड मोजतात कसे? जमिनीपासून छातीच्या उंचीवर खोडाला टेप लावून घेर घेतात. घेर, उंची आणि लाकूड किती भरीव आहे यावरून झाडाचे कोरडे वजन काढतात. त्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बन असतो. कार्बनचे वजन १२ धरले तर कार्बन डायऑक्साइडचे ४४ भरते, म्हणून कार्बनच्या वजनाला ४४ ने गुणून १२ ने भागायचे. समजा, रस्त्याकडेचे एक करंज वीस वर्षांत मुळांसकट तीनशे किलो कोरड्या वजनाचे झाले. त्यात साधारण एकशेचाळीस किलो कार्बन असेल. त्याचा हिशेब पाचशे किलोच्या थोडा वर जातो, म्हणजे अर्धा टन. वीस वर्षे एक झाड जगवले की अर्धे क्रेडिट!

आता हजार झाडांचा हिशेब करू. हा आकडेमोडीचा कागद मी गटात बसूनच केला, बायांनी मला दर सांगितले.

पहिली तीन वर्षे महत्त्वाची. फेब्रुवारी ते जून अशा वीस आठवड्यांत, आठवड्यातून दोनदा पाणी, म्हणजे वर्षाला चाळीस पाळ्या. एका रोपाला साडेबारा लिटर धरले तर पाच हजार लिटरचा टँकर चारशे रोपांना पुरतो. हजार रोपांना एका पाळीत अडीच टँकर, वर्षाला शंभर. टँकरला साडेसातशे रुपये धरले तर वर्षाला पंचाहत्तर हजार, तीन वर्षांत सव्वादोन लाख. पाणी घालणाऱ्या बायांची मजुरी तीन वर्षांत सव्वा लाख. रोपांचे साठ हजार. खड्डे, माती, खत एक लाख. लोखंडी कठडे महाग पडतात आणि चोरीलाही जातात. आमच्याकडचे बुरड कारागीर बांबूचे कठडे विणून देतात, त्याचे अडीच लाख. निंदणी आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे लावणे धरून सगळे मिळून साडेआठ लाखांच्या आसपास जाते.

आणि मिळकत? काळजी घेऊनही हजारातली सातशे जगली असे धरू. सातशे झाडांचे वीस वर्षांत साडेतीनशे क्रेडिट. एका क्रेडिटचे हजार रुपये मिळाले असे मानले तर साडेतीन लाख. तेही वीस वर्षांत, थोडे थोडे. मोजणी करणाऱ्या आणि तपासणाऱ्या संस्थांची फी त्यातूनच जाणार.

हा कागद बघून एकीने विचारले, "मंग हे लोक येतात काहून?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर असे की हजार झाडांसाठी ते येतच नाहीत. अशी पन्नास गावे, शंभर गावे एका प्रकल्पात जोडली की तपासणीचा खर्च वाटला जातो आणि व्यवहार परवडतो. तोही त्यांना परवडतो तो मुख्यतः एका कारणाने: पाणी घालण्याचा खर्च त्यांच्या हिशेबात नसतो. तो रोप लावणाऱ्याच्या अंगावर असतो.

हे वेगळ्या रीतीने करणारेही लोक आहेत. अमेरिकेत सिएटल शहरातली सिटी फॉरेस्ट क्रेडिट्स ही ना-नफा संस्था फक्त शहरी झाडांच्या क्रेडिटचे काम पाहते. शहरातले झाड कार्बन थोडाच शोषते, पण सावली देते, पावसाचे पाणी अडवते, हवा गार ठेवते, हे तिने हिशेबात धरले. त्यामुळे तिथे खरेदीदार जंगलाच्या क्रेडिटपेक्षा बराच जास्त भाव देतात. धूर भरून काढण्यापेक्षा आपल्या शहराला सावली मिळावी म्हणून ते पैसे देतात. हा विचार मला पटतो. भंडाऱ्याच्या मे महिन्यात रस्त्यावर भाजी विकणाऱ्या बाईला टनाशी काय काम? तिला दुपारी बारा ते चार डोक्यावर सावली हवी.

आंध्र प्रदेशातल्या अरकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांनी नांदी फाउंडेशनच्या मदतीने कॉफी आणि फळझाडे लावली. तिथे लाइव्हलीहूड्स फंडातल्या कंपन्यांनी पैसा आधी दिला आणि त्यांना क्रेडिट पुढची वीस वर्षे हळूहळू मिळणार, असा करार झाला. झाड शेतकऱ्याचे, फळ शेतकऱ्याचे. पैसा आधी येणे हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा आहे, कारण रोपाला तहान पहिल्या उन्हाळ्यात लागते, विसाव्या वर्षी नाही.

मेघालयातल्या खासी टेकड्यांत, मॉफलांग भागात, दहा पारंपरिक हिमांनी म्हणजे त्यांच्या जुन्या गणराज्यांनी एकत्र येऊन आपली जंगले राखण्याचा प्रकल्प २०११ मध्ये सुरू केला. क्रेडिटचा पैसा त्यांच्या स्वतःच्या महासंघाकडे येतो आणि गावे बसून ठरवतात. तिथे आपल्यासारख्याच ख्रिस्ती मंडळ्या खूप आहेत. कंपनीशी बोलणारी संघटना लोकांची स्वतःची असली की काय फरक पडतो, हे तिथून शिकावे.

आता धोक्यांबद्दल. पहिला धोका भावाचा. २००८ च्या सुमारास क्योटो बाजारातले क्रेडिट वीस युरोंच्या आसपास विकले जात होते. २०१२ च्या अखेरीस ते एका युरोच्याही खाली आले. धान्याचा भाव पडला तर घरात खायला तरी उरते. क्रेडिटचा भाव पडला तर हातात फक्त कागद राहतो.

दुसरा धोका खोट्या मोजणीचा. २०२३ च्या जानेवारीत युरोपातल्या काही वृत्तपत्रांनी मिळून केलेल्या तपासात, जंगल वाचवल्याबद्दल दिलेल्या कितीतरी क्रेडिटमागे खरी बचत नव्हती असे पुढे आले. त्यामुळे आता खरेदीदार बारकाईने विचारतात: हे झाड या पैशाशिवाय लागलेच नसते का? याला अतिरिक्तता म्हणतात, आणि शहरात तो प्रश्न फार लागू पडतो. आपल्या राज्यात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्ष ठरवले, आणि झाड तोडले तर त्याच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन आणले. जी झाडे कायद्याने लावायचीच आहेत ती क्रेडिटमध्ये मोजली तर तो दुहेरी हिशेब झाला. आपल्या नावावर असा हिशेब लागू नये याची काळजी घेतली पाहिजे.

तिसरा धोका जातीचा, म्हणजे झाडाच्या जातीचा. क्रेडिट टनावर मिळते, म्हणून लवकर वाढणाऱ्या झाडांचा मोह होतो. निलगिरी, सुबाभूळ लावली की आकडे लवकर दिसतात. आमच्या बायांना विचारले तर त्या मोह, चिंच, जांभूळ, अर्जुन, ऐन सांगतात. ऐन आणि अर्जुनावर कोसा होतो. मोहाडी आणि आंधळगावच्या कोशाच्या साड्या तुमच्यापैकी अनेकींच्या कपाटात आहेत. त्या रेशमाची सुरुवात या झाडांच्या पानांवर होते. तळ्याच्या पाळीवर अर्जुन लावला तर शहराला सावली मिळेल आणि ढिवर कुटुंबांना कोसाही घेता येईल. टनाच्या तक्त्यात याला रकाना नाही.

चौथा धोका सर्वांत मोठा, आणि तो शहराचा नसून जंगलाचा आहे. शहरात जागा कमी पडली की हेच लोक गावाकडे येतात. केंद्र सरकारची हरित क्रेडिट योजना २०२३ पासून आली आहे. ती कार्बन क्रेडिटहून वेगळी आहे, दोन्ही एक समजू नका. तिच्यात झीज झालेल्या वनजमिनीवर लागवड करून क्रेडिट मिळते. सुरुवातीच्या पद्धतीत लावलेल्या झाडांच्या संख्येवर क्रेडिट होते. त्यावर टीका झाल्यावर २०२५ मध्ये पद्धत बदलली, आणि आता निदान पाच वर्षे राखलेल्या, जगलेल्या झाडांचा विचार होतो. हा बदल चांगलाच आहे. पण कागदावर झीज झालेली म्हणून लिहिलेल्या जमिनीवर कोणाची तरी गुरे चरतात, कोणीतरी तेंदूपत्ता तोडतो, मार्च-एप्रिलमध्ये पहाटे कोणीतरी मोहफुले वेचतो. तिथे तारेचे कुंपण पडले की ते सगळे बंद.

भंडारा जिल्हा पाचव्या अनुसूचीतल्या अनुसूचित क्षेत्रात येत नाही, म्हणून इथे पेसा कायद्याचे संरक्षण नाही. आदिवासी बांधव जिल्ह्यात संख्येनेही थोडे आहेत. पण २००६ चा वनाधिकार कायदा इथे पूर्ण लागू आहे. ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे तिथे ते जंगल राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये तो मिळवला आणि पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकला. म्हणून आमच्या गावांतून मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: कार्बनच्या करारावर सही करण्याआधी वनहक्काचा दावा पूर्ण करा. हक्क नावावर असला तर कंपनीशी बोलता येते. नसला तर ती तुमच्याबद्दल बोलते, तुमच्याशी नाही.

आता आमच्या उत्तराबद्दल. गटाने तीन बैठका घेतल्या आणि कंपनीला पाच अटी लिहून दिल्या. त्या वाचून दाखवते.

एक: करार मराठीत हवा, आणि वाद झाला तर मराठी प्रत ग्राह्य धरावी.

दोन: पहिल्या तीन वर्षांच्या पाण्याचा आणि मजुरीचा पैसा आधी, बँकेत जमा करून द्यावा. क्रेडिट विकले जाण्याची वाट आम्ही बघणार नाही.

तीन: पूर, दुष्काळ, रस्ता रुंदीकरण यांत झाड गेले तर भुर्दंड आमच्यावर नको. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस वैनगंगेला आलेला पूर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. चांगल्या प्रकल्पांत काही क्रेडिट अशा नुकसानीसाठी आधीच बाजूला ठेवतात, जसे आपण बियाण्याची कणगी वेगळी ठेवतो. तसेच इथेही करावे.

चार: झाडांच्या जाती गट ठरवेल. एकाच जातीची लागवड नको.

पाच: क्रेडिट विकल्यावर येणाऱ्या रकमेत झाड जगवणाऱ्यांचा वाटा लिहून द्यावा, आणि दरवर्षी हिशेब सर्वांसमोर वाचावा.

दोन आठवड्यांपूर्वी उत्तर आले. मराठी प्रत मान्य. जाती मान्य. पुराची अट मान्य. पाण्याचा पैसा तीनऐवजी दोन वर्षे देऊ म्हणतात. वाट्याबद्दल लिहिले आहे की विचार चालू आहे. गटाचे म्हणणे असे ठरले आहे की पाण्याच्या वर्षांवर बोलता येईल, पण वाटा लिहून मिळाल्याशिवाय अंगठा उठणार नाही. मला यात आनंद वाटतो. ज्या बायांना तीन वर्षांपूर्वी बँकेची स्लिप भरताना घाम फुटत होता, त्या आज कराराच्या पाचव्या कलमावर अडून बसल्या आहेत. करार झाला नाही तरी हे शिकणे त्यांच्याजवळ राहील.

पण करार झाला नाही तर रोपांचे काय? तीन हजार रोपे आज पिशव्यांत उभी आहेत. शहरासाठी उंच रोपे लागतात म्हणून त्यांतली बरीच आम्ही दोन वर्षे सांभाळली. आणखी एक वर्ष पिशवीत राहिली तर मुळे गुंडाळून जातील, मग जमिनीत लावूनही झाड धड वाढणार नाही. चौदा घरांची वर्षाची कमाई त्यात आहे. बायांनी हे समजून उमजून अट धरली आहे. म्हणून आज मी तुमच्यापुढे आले.

मागणी सरळ आहे. तुमच्या चर्चचे आवार, तुमच्या शाळा, वसतिगृहे, दवाखाने, कब्रस्ताने, तुमच्या घरापुढची गल्ली, इथे आम्हाला जागा दाखवा. तिथे पाण्याचा नळ किंवा विहीर आहे, भिंत आहे, आणि मुख्य म्हणजे रोज जाणारे-येणारे तुम्ही आहात. रस्त्याच्या मधोमध लावलेल्या झाडाला जे मिळत नाही ते तिथे आहे. या पावसाळ्यात अशा तीनशे जागा मिळाव्यात अशी इच्छा आहे. मघाचाच हिशेब घेतला तर एक झाड जगवून तीन वर्षांचे करायला साधारण बाराशे रुपये लागतात. ज्याच्याकडे जागा आहे पण पैसे नाहीत त्याने जागा आणि पाणी द्यावे. ज्याच्याकडे पैसे आहेत पण जागा नाही त्याने दुसऱ्याच्या झाडाचे पाणी भरावे. गटातल्या दोघी जणी वर्षातून दोनदा येऊन प्रत्येक झाड बघतील, घेर मोजतील आणि वहीत लिहितील. क्रेडिटसाठी नव्हे, तर पुढच्या मेळाव्यात मी तुम्हाला लावलेली झाडे नव्हे, जगलेली झाडे सांगू शकावे म्हणून.

एक विनंती आणखी आहे. तुमच्यातले जे वकील आहेत, हिशेबनीस आहेत, बँकेत आहेत, त्यांनी आमच्यासाठी एक शनिवार द्यावा. तो बावीस पानांचा करार आमच्यासोबत चिंचेखाली बसून वाचावा. आम्हाला दानाइतकीच याची गरज आहे.

लेवीयच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात झाडांबद्दल एक नियम आहे, तो तुम्ही वाचला असेल. नव्या देशात जाऊन झाड लावले की पहिली तीन वर्षे त्याच्या फळाला हात लावायचा नाही, चौथ्या वर्षीचे फळ देवाला, आणि पाचव्या वर्षापासून आपण खायचे. लहानपणी मला हा नियम विचित्र वाटायचा. रोपवाटिकेत आल्यावर कळले की पहिली तीन वर्षे झाडाकडून काही मागायचे नसते, त्याला द्यायचे असते. लावल्या दिवशीच झाडातून पैसा मोजणाऱ्या व्यवहारात हीच तीन वर्षे विसरली जातात, आणि त्या तीन वर्षांत झाडाजवळ उभी असते ती झारी घेतलेली बाई.

त्या एकसष्ट झाडांचे पुढे काय झाले, असे मला कोणीतरी विचारले. मागच्या उन्हाळ्यात गटातल्या बायांनी ठरवून, त्या शहरात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना ती वाटून दिली. कोणाकडे चार, कोणाकडे सहा. चहाच्या टपरीवाल्याने आठ घेतली. मी गेल्या आठवड्यात पुन्हा मोजून आले. अठ्ठावन्न आहेत. टपरीपुढच्या करंजाखाली आता दोन बाक ठेवले आहेत, आणि दुपारी तिथे जागा मिळत नाही.

देव तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. जागेसाठी आणि करार वाचायला येण्यासाठी नाव नोंदवायची वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. जाताना कृपया थांबा.